चड्डी खराब होते ती कशामुळे?

पहिली-दुसरीच्या वर्गात कधी कधी असा प्रसंग घडतो. तास चालू असतो. एकाएकी दुर्गंधी पसरते. मुले नाकाला रुमाल लावतात, एकमेकांकडे बोटे दाखवतात आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा एका मुलावर येऊन थांबतात. त्याची चड्डी खराब झालेली असते. बाई विचारतात, "अरे, आधी सांगायचं नाही का?" तो मान खाली घालून पुटपुटतो, "मला कळलंच नाही." कोणालाही ते खरे वाटत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढेही कळू नये?

घरी त्याची आईही चक्रावलेली असते. चार-चार दिवस मुलाला शौचाला होत नाही आणि मध्येच एका दिवसात तीन-तीन चड्ड्या धुवाव्या लागतात. याला बद्धकोष्ठ म्हणावे की जुलाब? कोणी म्हणतो, मुलगा आळशी आहे. कोणी म्हणतो, हट्टी आहे. दोन धपाटे घातले की सुधारेल, असाही सल्ला मिळतो. धपाटे बसतात, पण चड्डी खराब व्हायची ती होतेच.

विद्यार्थी मित्रांनो, तो मुलगा खरेच बोलत असतो. त्याला खरोखरच कळलेले नसते. हे कसे घडते ते समजण्यासाठी आपल्याला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. विषय जरा संकोचाचा आहे. पण जे शरीर आपण रोज वापरतो त्याच्याविषयी बोलायला लाजण्याचे कारण नाही.

पाणी शोषणारे आतडे

आपण खाल्लेले अन्न जठर आणि लहान आतडे यांतून पुढे सरकत असताना त्यातील पोषक भाग रक्तात शोषला जातो. उरलेला कढीसारखा पातळ भाग मोठ्या आतड्यात येतो. प्रौढ माणसाचे मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्यात दररोज सुमारे दीड लिटर द्रव येतो. पण बाहेर पडणाऱ्या मलात त्यांपैकी १०० ते २०० मिलिलिटर एवढेच पाणी उरते. बाकीचे पाणी आतड्याचे अस्तर शोषून घेते आणि रक्तात परत पाठवते. शरीराची पाण्याची ही काटकसर फार मोलाची आहे.

मात्र हे शोषण थांबत नाही. मल जितका जास्त वेळ आत राहील, तितका तो कोरडा होत जातो. ओल्या मातीचा गोळा उन्हात ठेवला तर संध्याकाळी तो बोटाने दाबला जात नाही, तसेच हे आहे. दोन दिवस आत राहिलेला मल एका दिवसाच्या मलापेक्षा घट्ट असतो, आणि चार दिवसांचा त्याहूनही घट्ट.

आतड्यातील माल पुढे ढकलला जातो तो स्नायूंच्या लाटांनी. मालाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा भाग सैल पडतो आणि माल पुढे सरकतो. आतड्याचा हा नियम विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ साली प्रयोगांनी दाखवून दिला. या हालचालीला क्रमसंकोच म्हणतात. जेवणाने जठर भरले की मोठ्या आतड्यातील क्रमसंकोचाला जोर येतो. तान्हे मूल दूध पिता पिताच लंगोट ओला-पिवळा करते, ते याच कारणाने. ही गोष्ट लक्षात ठेवा. उपचारात ती उपयोगी पडणार आहे.

दोन दरवाजे, दोन रखवालदार

मोठ्या आतड्याचा अखेरचा भाग म्हणजे मलाशय. त्याच्या तोंडाशी स्नायूंची दोन कडी असतात. आतले कडे आपल्या इच्छेने चालत नाही. ते सदैव आवळलेले असते आणि झोपेतही आपले काम करते. बाहेरचे कडे मात्र आपल्या ताब्यात असते. हात मुठीसारखा आवळावा तसे ते आवळता येते.

मलाशय रिकामे असताना आपल्याला काहीच जाणवत नाही. त्यात मल येऊन भिंत ताणली गेली की भिंतीतील मज्जातंतू दोन ठिकाणी वर्दी देतात. एक वर्दी मेंदूकडे जाते आणि आपल्याला शौचाला लागल्याचे कळते. दुसरी आतल्या कड्याला मिळते आणि ते आपोआप सैल पडते. मलाशय ताणले गेले की आतले कडे असे सैलावते, हे लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७७ मध्ये नोंदवले होते. कडे सैलावले की मलाशयातला किंचित माल खाली उतरतो. तेथील अस्तर इतके संवेदनशील असते की आलेला पदार्थ घन आहे, पातळ आहे की नुसता वायू आहे, हे ते ओळखू शकते. मग बाहेरच्या रखवालदाराची पाळी येते. सोय असेल तर तो दार उघडतो, नसेल तर दार घट्ट लावून धरतो.

तान्ह्या मुलाला बाहेरचे कडे वापरता येत नाही. पहिल्या आठवड्यात बाळाला दिवसातून सरासरी चार वेळा शी होते, दुसऱ्या वर्षी साधारण दोनदा, आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास मोठ्या माणसाप्रमाणे एकदा. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुले बाहेरचे कडे हवे तेव्हा आवळायला आणि हवे तेव्हा सोडायला शिकतात. यांतील आवळणे सोपे असते, सोडणे त्या मानाने अवघड. आपल्या कथेची सुरुवात येथेच होते.

दुष्टचक्र

समजा, एखाद्या दिवशी तापामुळे किंवा प्रवासामुळे मुलाचा मल घट्ट झाला. शौचाच्या वेळी गुदद्वाराला बारीक चीर पडली आणि फार दुखले. तीन-चार वर्षांच्या मुलाचा हिशेब साधा असतो: शी केली की दुखते, म्हणून शी करायची नाही. पुढच्या वेळी लागल्याबरोबर ते बाहेरचे कडे आवळून धरते. पायांची अढी घालते, चवड्यांवर उभे राहते, दाराआड किंवा पडद्यामागे जाऊन ताठ उभे राहते, चेहरा लाल होतो. आईला वाटते, बिचारे कुंथते आहे. प्रत्यक्षात ते मल बाहेर ढकलत नसते, आत रोखून धरत असते!

काही मिनिटांत मलाशयाची भिंत नव्या आकाराशी जुळवून घेते, आतले कडे पुन्हा आवळते आणि लागलेली भावना निघून जाते. मुलाला वाटते, सुटलो. पण मल तेथेच असतो, आणि त्यातले पाणी शोषले जात असते. दुसऱ्या दिवशी त्यात नवी भर पडते. गोळा मोठा आणि कठीण होतो. अखेर तो बाहेर पडतो तेव्हा आधीपेक्षा जास्त दुखते, आणि मुलाची भीती खरी ठरते. दुखते म्हणून रोखायचे आणि रोखले म्हणून दुखायचे, असे हे चक्र एकदा फिरू लागले की महिनोन् महिने फिरत राहते.

सुरुवात दुखण्यानेच होते असे नाही. काही मुले खेळात रमलेली असतात म्हणून जात नाहीत. काहींना अंधाऱ्या संडासाची भीती वाटते. काही पोटभर दूध पितात आणि भाजी-भाकरीला तोंड लावत नाहीत. आणि पुष्कळ मुले शाळेत जाऊ लागल्यावर रोखायला शिकतात, कारण शाळेच्या संडासाला कडी नसते किंवा पाणी नसते. मलाचा वेग रोखू नये हे आपल्याकडील वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय रोखू नयेत अशा तेरा नैसर्गिक वेगांविषयी आहे, आणि मलाचा वेग त्यांत मोडतो.

जुलाब नव्हेत, गळती

आता आपल्या कोड्याच्या उकलीकडे येऊ. पायजम्याच्या नाडीऐवजी घातलेले इलॅस्टिक महिनाभर ताणून ठेवले तर काय होते? ते ढिले पडते. सतत भरलेल्या मलाशयाचे तसेच होते. त्याची भिंत ताणली जाऊन मलाशय रुंद होते. पूर्वी थोडासा मल आला तरी भिंत ताणली जाऊन वर्दी जाई. आता त्याच्या कितीतरी पट माल आला तरी वर्दी जात नाही. जी भिंत कायमच ताणलेली आहे ती नवा ताण काय ओळखणार? मुलाला शौचाला लागल्याचे कळत नाही, ते यामुळे. शिवाय रुंदावलेल्या मलाशयाच्या स्नायूंना पूर्वीसारखा जोरही करता येत नाही.

मलाशयात कठीण गोळ्याचे बूच बसले, तरी वरून पातळ माल येतच असतो. नळीत अडकलेल्या दगडाच्या कडेने पाणी झिरपावे तसा हा पातळ माल गोळ्याच्या कडेने खाली झिरपतो. आतले कडे मलाशय भरलेले असल्याने सैलावलेलेच असते. बाहेरचे कडे आवळायचे तर आधी वर्दी मिळायला हवी, आणि वर्दी देणारी यंत्रणाच मंदावलेली आहे. मग चड्डीला डाग पडतो आणि मुलाला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून बद्धकोष्ठ की जुलाब, या आईच्या प्रश्नाचे उत्तर बद्धकोष्ठ हेच आहे. दिसतात ते जुलाब नव्हेत. ती भरून वाहणाऱ्या हौदाची गळती आहे. हे न कळल्यामुळे काही घरी मुलाला जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते. त्याने आतड्याची गती आणखी मंदावते आणि गोळा आणखी वाढतो.

"निदान वास तरी यायला हवा होता," असे तुम्ही म्हणाल. पण आपले नाक सतत येणाऱ्या वासाला सरावते. मासळी विकणाऱ्याला मासळीचा वास जाणवत नाही, आणि आपल्या घराचा वास आपल्याला कळत नाही, पाहुण्याला कळतो. वारंवार चड्डी खराब होणाऱ्या मुलाचे नाकही असेच सरावलेले असते. वर्गाला येणारा वास त्याला स्वतःला येत नाही.

भरलेले मलाशय शेजाऱ्यांनाही त्रास देते. त्याच्या पुढेच मूत्राशय असते. त्यावर दाब पडून अशी काही मुले अंथरूण ओले करतात किंवा त्यांना पुन्हा पुन्हा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. भूक मंदावते, पोट दुखते, चिडचिड वाढते. पोट मोकळे झाले की यांतील बहुतेक तक्रारी कमी होतात.

दुसरा आजार तर नाही?

जुने बद्धकोष्ठ असलेल्या दहा मुलांपैकी नवांहून अधिक मुलांत त्यामागे दुसरा कोणताही आजार नसतो. पण थोड्या मुलांत असतो, म्हणून डॉक्टरांची तपासणी आवश्यक आहे. त्यांतील एका आजाराला कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांचे नाव मिळाले आहे. १८८६ मध्ये त्यांनी अशा दोन बालकांची हकीकत बर्लिनमधील डॉक्टरांच्या सभेत सांगितली. या आजारात आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसतात. त्यामुळे तो भाग सैल पडू शकत नाही आणि मल त्याच्या वर साचतो. सुमारे ५,००० जन्मांत एका बाळाला हा आजार असतो आणि शस्त्रक्रियेने त्यावर इलाज करता येतो.

जन्मानंतर ४८ तासांत बाळाने पहिली काळी शी केली नव्हती, पोट फार फुगते आणि उलट्या होतात, वजन वाढत नाही, पायांत अशक्तपणा आहे, ताप येतो किंवा मलातून बरेच रक्त जाते, अशांपैकी काहीही असेल तर मुलाला विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

उपाय: तीन पायऱ्या

कारण कळले की उपायाची दिशा आपोआप दिसते. मलाशय ढिले पडले आहे. त्याला मूळ आकारावर येऊ द्यायचे तर ते दीर्घकाळ रिकामे राहिले पाहिजे.

पहिली पायरी म्हणजे साचलेला गोळा काढणे. यासाठी डॉक्टर बहुधा तोंडाने घ्यायचे औषध देतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे असे एक औषध आहे. ते आतड्यात शोषले जात नाही आणि आपल्याभोवती पाणी धरून ठेवते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की थोड्या वेळात वाडग्यात पाणी सुटलेले तुम्ही पाहिले असेल. पाण्याच्या अशा ओढीला तर्षण म्हणतात, आणि हे औषध याच तत्त्वावर मल भिजवून मऊ करते. पहिले काही दिवस चड्ड्या जास्तच खराब होतात. त्याने घाबरून औषध बंद करू नये. साबणाची कांडी घालणे यांसारखे घरगुती उपाय मात्र टाळावेत. त्यांनी नाजूक अस्तराला इजा होते आणि मुलाची भीती वाढते.

दुसरी पायरी म्हणजे मल रोज मऊ ठेवणे. बहुतेक घरे येथेच फसतात. आपल्याकडे पूर्वी महिन्याकाठी मुलांना नाक दाबून एरंडेल पाजत. एरंडेलापासून आतड्यात रिसिनोलेइक आम्ल तयार होते आणि ते आतड्याला जोराने हलवते. पोट साफ होते खरे. पण ढिले मलाशय एका दिवसात घट्ट होत नाही. आठ दिवसांत ते पुन्हा भरते. म्हणून मल मऊ ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून निदान दोन महिने, पुष्कळदा सहा महिने ते वर्षभर द्यावे लागते आणि मग हळूहळू कमी करायचे असते. त्याची सवय लागेल अशी भीती पालकांना वाटते. परंतु हे औषध स्नायूंना डिवचत नाही, फक्त पाणी धरून ठेवते. त्यामुळे आतडे त्याच्यावाचून अडून बसत नाही. औषध लवकर थांबवल्याने दुखणे उलटते, हेच अधिक वेळा घडते.

आहाराचे महत्त्व आहेच. मुलाच्या वयात ५ मिळवले की रोज किती ग्रॅम चोथा पोटात जावा याचा साधारण अंदाज येतो. सात वर्षांच्या मुलाला १२ ग्रॅम. भाकरी, उसळी, पालेभाज्या आणि पेरूसारखी फळे यांतून तो सहज मिळतो. इसबगोलाचा भुसाही पाणी धरून फुगतो. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर इसबगोल टाका आणि दहा मिनिटांनी पाहा. मात्र मलाशयात बूच बसलेले असताना नुसता चोथा वाढवला तर गर्दीत आणखी गर्दी होते. म्हणून आधी मोकळे करणे, मग चोथा, हा क्रम चुकवू नये. पाणी तहानेपुरते हवेच. पण तांब्याच्या तांब्या पाजून उपयोग नाही, जादा पाणी लघवीवाटे निघून जाते.

तिसरी पायरी सवयीची. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते हे आपण पाहिले. त्या वेळेचा फायदा घेऊन मुलाला सकाळी व रात्री जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे शौचाला बसवावे, लागलेले असो वा नसो. ज्याला वर्दी मिळत नाही त्याच्यासाठी घड्याळाने वर्दी द्यायची! उकिडवे बसल्याने मलाशय आणि गुदद्वार यांमधला कोन सरळ होतो आणि मल सहज उतरतो. मूल कमोडवर बसत असेल तर पाय लोंबकळू देऊ नयेत. पायांखाली पाट ठेवावा. बसल्याबद्दल शाबासकी द्यावी, शी झाली नाही म्हणून रागावू नये.

भिंतीवर एक तक्ता लावून रोजची नोंद ठेवल्यास डॉक्टरांना मदत होते. मल कसा होता हे लिहिण्यासाठी ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली सात प्रकारांची श्रेणी जगभर वापरली जाते. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा कठीण आणि सातवा पाण्यासारखा पातळ. मधला, केळ्यासारखा मऊ आणि अखंड प्रकार चांगला.

घाई करून मात्र चालत नाही. तज्ज्ञांकडे उपचारासाठी आलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी सहा महिने ते वर्षभरात औषध सोडून बरी होतात. बाकीच्यांना अधिक काळ लागतो. मध्येच एखादा महिना बिघडतो, पुन्हा सुरुवात करावी लागते.

शाळेचा वाटा

औषध डॉक्टर देतील, पाट आई ठेवील. पण दिवसाचे पाच-सहा तास मूल शाळेत असते. तेथे काय घडते यावर पुष्कळ अवलंबून आहे. मुलाने शौचाला जाऊ का असे विचारले तर "मधली सुट्टी होऊ दे" हे उत्तर त्याला रोखायला शिकवते. शिक्षकांनी अशा मुलाला न विचारता उठून जाण्याची मुभा द्यावी. एक जादा चड्डी दप्तरात किंवा शाळेत ठेवावी आणि प्रसंग आलाच तर गाजावाजा न करता त्याला बाहेर न्यावे. संडासाच्या दाराला कडी आणि आत पाणी असणे हा या उपचाराचाच भाग आहे. तुमच्या शाळेत ते आहे का, हे आज मधल्या सुट्टीत पाहून या.

आणि तुम्ही काय कराल? कदाचित तुमच्या घरी धाकटा भाऊ असेल, शेजारी एखादे मूल असेल. त्याला 'घाणेरडा' म्हटल्याने ढिले मलाशय घट्ट होत नाही. मूल मात्र आणखी लपू लागते, खराब चड्ड्या कपाटामागे कोंबू लागते, आणि लपणारे मूल शौचाला जायचेही टाळते. म्हणजे चिडवणारा प्रत्येक जण त्या दुष्टचक्राला आपल्या हाताने एक फेरा देत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादे लहान मूल खाली मान घालून "मला कळलंच नाही" म्हणाले, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याच्या आईवडिलांना, हा आजार आहे आणि तो बरा होतो, एवढे सांगण्याइतके ज्ञान आता तुमच्याजवळ आहे.